जुन्या घराचे वायरिंग आणि 2023 चे नियम

साखरपेठकर (प्रश्न)
नमस्कार. सोलापुरात साखर पेठेतील आमचे वडिलोपार्जित घर 1971 सालचे असून बहुतेक वायरिंग तेव्हाचेच, म्हणजे लाकडी पट्टीवरून नेलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या तारांचे आहे. मीटरजवळ फेज (वीज आणणारी) आणि न्यूट्रल (वीज परत नेणारी) या दोन्ही तारांवर किटकॅट फ्यूज, म्हणजे चिनीमातीच्या धारकात वितळतार असलेले जुने फ्यूज, आहेत. मंजूर भार 1 किलोवॅट आहे. आईला उन्हाळा सोसवत नाही म्हणून यंदा एसी बसवायचे ठरवले आणि वायरमनला बोलावले, तर 2023 च्या नियमांमुळे हे सगळे वायरिंग बेकायदा झाले आहे, ते पूर्ण काढावे लागेल, असे त्यांनी सांगितले. थोरले बंधू म्हणतात की घर जुने असल्याने त्याला जुनेच नियम लागू राहतात. खर्च मोठा असल्याने जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त पर्यवेक्षक
दोघांचेही म्हणणे जसेच्या तसे मान्य करता येणार नाही. आपण ज्याला 'नियम' म्हणतो त्यात दोन निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाची सुरक्षाविषयक नियमावली (आधी 2010 ची, आता 2023 ची) हा कायद्याचा भाग आहे आणि ती वीज वापरणाऱ्या प्रत्येकाला लागू होते. घराच्या वयाकडे पाहून ती सूट देत नाही. याउलट आयएस 732 हे वायरिंगचे मानक म्हणजे काम कसे करावे याची संहिता आहे, आणि तिची सुधारित आवृत्ती निघाली म्हणून आधीच्या आवृत्तीप्रमाणे केलेले, सुस्थितीतील काम आपोआप काढून टाकावे लागत नाही. तार अ‍ॅल्युमिनियमची आहे किंवा पट्टी लाकडी आहे, एवढ्यावरून कोणी आपले वायरिंग बेकायदा ठरवू शकत नाही.

मात्र आपल्या बाबतीत खरा मुद्दा एसीचा आहे. गळतीचा प्रवाह ओळखून पुरवठा तोडणारे उपकरण, म्हणजे आरसीसीबी, बसवण्याच्या बंधनातून लहान भाराची घरे वगळलेली आहेत. पूर्वी ही मर्यादा 5 किलोवॅट होती, ती आता 2 किलोवॅटवर आली आहे. एसीमुळे आपला भार 2 किलोवॅटच्या पुढे गेला की 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी बंधनकारक होते. शिवाय भारवाढीच्या अर्जासोबत परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो, आणि तो देणारा माणूस जुन्या तारांवर डोळे झाकून सही करणार नाही. करूही नये.

जुना मेन स्विच
न्यूट्रलवरील फ्यूजकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. न्यूट्रलच्या तारेत स्वतंत्र फ्यूज किंवा स्विच नसावा, हे 1956 च्या भारतीय विद्युत नियमांतही होते. म्हणजे 1971 साली बसवला त्या दिवशीच तो चुकीचा होता, आणि बंधूंचा 'जुने नियम' हा युक्तिवाद मान्य केला तरी तो टिकत नाही. त्यातील धोका असा, की न्यूट्रलचा फ्यूज आधी उडाला तर दिवा विझतो, माणूस पुरवठा बंद झाला असे समजून हात घालतो आणि फेज मात्र जिवंत असते. एसी येवो न येवो, तो फ्यूज काढून तेथे दोन्ही तारा एकदम तोडणारा डबल पोल स्विच बसवावा.

दुसरे असे, की त्या काळी आपल्या पेठांमधून अर्थिंग म्हणून नळाच्या लोखंडी पाइपला तार गुंडाळण्याची पद्धत सर्रास होती. मधल्या काळात पाइप प्लास्टिकचा झाला असेल, तर ती तार आता नुसती शोभेची उरली आहे.

साखरपेठकर
आपण म्हणालात तसेच निघाले. नळाचा पाइप काही वर्षांपूर्वी बदलला होता आणि अर्थिंगची तार तुटक्या लोखंडी तुकड्याला तशीच बांधलेली आहे. हौदातून पाणी चढवणारी मोटर त्याच अर्थिंगवर चालते, हे लक्षात आल्यावर ती आजपासून बंद ठेवली आहे. एका व्हिडिओत मात्र जुन्या वायरिंगला नवा नियम लागत नाही असे स्पष्ट सांगितले होते.

निवृत्त पर्यवेक्षक
तो व्हिडिओ बहुधा ब्रिटनचा असावा. तेथील बीएस 7671 या मानकात, आधीच्या आवृत्तीप्रमाणे केलेले काम केवळ तेवढ्यामुळे असुरक्षित ठरत नाही, असे नमूद आहे. पण ते त्यांचे मानक आहे, आपली नियमावली नव्हे.

आपण आता असे करावे. नवे अर्थिंग प्रथम करून घ्यावे, कारण आरसीसीबी त्याला पर्याय नाही. त्यानंतर 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने) तारांचे इन्सुलेशन तपासून घ्यावे. रोध 1 मेगओहमपेक्षा कमी येणाऱ्या तारा बदलाव्यात. ज्या उत्तीर्ण होतील, त्या दिव्या-पंख्यापुरत्या ठेवण्यास हरकत नाही. एसीसाठी मात्र मेनपासून तांब्याची स्वतंत्र लाइन आणि स्वतंत्र एमसीबी (जादा प्रवाह झाल्यास आपोआप पडणारा स्विच) घ्यावी. अ‍ॅल्युमिनियमला तांबे नुसते पिळून जोडलेला सांधा पुढे सैल होऊन तापतो. जुन्या घरांत दोन खोल्यांचे न्यूट्रल कुठेतरी एकत्र बांधलेले असतात. ते वेगळे केल्याशिवाय दोन लाइनींवर स्वतंत्र आरसीसीबी लावल्या तर त्या विनाकारण पडत राहतात, आणि मग वैतागून कोणीतरी त्यांना बगल देऊन थेट जोडणी करतो. म्हणून हे काम ठेकेदाराच्या अंदाजपत्रकात आधीच लिहून घ्यावे.