मदत हवी आहे: 'विंडलास'ला मराठीत काय म्हणावं, आणि हा शब्द आला कुठून?

नमस्कार मंडळी,

प्रथमोपचाराच्या एका माहितीपत्रकाचा मराठी अनुवाद करतोय. त्यात रक्तस्राव थांबवण्यासाठी हातापायाला आवळायचा पट्टा, म्हणजे टूर्निकेट, कसा वापरायचा ते दिलंय. जखमेच्या वर ५ ते ७ सेंटीमीटरवर, सांधा टाळून पट्टा बांधायचा. मग त्यावरची दांडी रक्त थांबेपर्यंत पिळत जायची, अडकवायची आणि वेळ लिहून ठेवायची. या दांडीला मूळ मजकुरात विंडलास म्हटलंय.

शब्दकोशात अर्थ सापडला 'रहाट'. विहिरीवरचा रहाट समजतो: आडवं लाकूड फिरवलं की दोर गुंडाळत पोहरा वर येतो. दांडा ४० सेंमी आणि लाकडाची त्रिज्या १० सेंमी असेल, तर घर्षण सोडून चौथा हिस्सा जोर पुरतो, हात मात्र चौपट अंतर फिरवावा लागतो. जहाजावर नांगराची साखळी ओढणारं यंत्रही विंडलासच. पण 'रहाट फिरवा' असं लिहिलं, तर रक्तबंबाळ माणसाशेजारी बसलेल्याने काय समजायचं? इथे शब्द अडला तर जीव जाऊ शकतो, म्हणून विचारतोय.

या शब्दाचा मूळ अर्थ काय? 'विंड' म्हणजे वारा का? जहाजावर दोर ओढणारं दुसरं यंत्र, म्हणजे कॅपस्टन, त्याहून वेगळं कसं? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

वाऱ्याचा काही संबंध नाही. जुन्या नॉर्स भाषेत 'विंदा' म्हणजे गुंडाळणं आणि 'आस' म्हणजे वासा. 'विंदास' म्हणजे गुंडाळायचा वासा. मधला 'ल' इंग्रजीत मागाहून शिरला. हा 'आस' आणि आपला चाकाचा आस एकच असावेत असं वाटतं खरं, पण तसं नाही. आपला आस संस्कृत 'अक्ष'वरून आलाय, त्याचं इंग्रजी भावंड 'ॲक्सल'. रहाट आला 'अरघट्ट'वरून.

कॅपस्टनचा आस उभा असतो. जुन्या जहाजांवर खलाशी त्याचे दांडे ढकलत गोल फिरायचे. विंडलासचा आस मुळात आडवा, पण आता छोट्या बोटींवर उभ्या आसाचेही विंडलास मिळतात, तेव्हा या खुणेवर फार विसंबू नका.

तुमच्या दांडीचं नातं जहाजावरच्याच एका युक्तीशी जुळतं. दोराचा वेढा घ्यायचा, त्यात काठी खुपसून पीळ देत आवळायचं. याला 'स्पॅनिश विंडलास' म्हणतात. उचलणं नाहीच, नुसतं आवळणं. 'पिळकांडी' सुचेल, पण रक्ताच्या चिळकांडीशेजारी तो शब्द नको. सरळ 'पिळायची दांडी' लिहा.

प्रतिसाद २

थोडं अवांतर. पायाच्या अभ्यासातही 'विंडलास' आहे. जे. एच. हिक्स यांनी १९५४ मध्ये मांडलं, की अंगठा वर उचलला की तळव्याच्या आतला चिवट पट्टा अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या हाडाच्या टोकाभोवती रहाटाच्या दोरासारखा ताणला जातो आणि कमान उंचावते. अनवाणी उभं राहून अंगठा हाताने वर करून बघा, लगेच दिसेल.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. 'पिळायची दांडी' पक्कं. एकच अडलंय: दांडी जिथे अडकवायची, त्या भागाला 'खाच' म्हणू की 'आकडा'? त्याचा आकार इंग्रजी 'सी'सारखा आहे आणि दांडीचं टोक त्यात बाजूने सरकवून बसवायचं असतं.