शब्दचर्चा: ‘ट्रॉमा-इन्फॉर्म्ड केअर’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न: नागपुरातल्या एका जळीत वॉर्डातल्या सिस्टरांसाठी मराठी पत्रक करतेय. कुणी ‘आघात-सूचित सेवा’ सुचवलंय. वाचून कुणालाच काही कळेना.

– ‘सूचित’ नकोच, अनुसूचित आठवतं. आणि इथे ‘ट्रॉमा’ म्हटलं की लोक मेडिकलच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या, ट्रॉमा सेंटरकडे बोट दाखवतात, म्हणजे अपघात, हाडमोड. ‘मनावरच्या आघाताचं भान ठेवून शुश्रूषा’ म्हणा. लांब आहे, पण कळतं.

– साधं ‘धसका’ का नको?

– धसका माणूस ‘घेतो’, आघात ‘होतो’. ‘तिनं धसकाच घेतलाय’ यात दोष तिच्याच पदरात पडतो.

– ड्रेसिंगच्या खोलीत काम करते म्हणून सांगते, शीर्षकापेक्षा आतले शब्द बघा. ‘जळीत केस’ ऐकलं की पेशंटला आधी पोलीस दिसतात. ती स्वतः ‘भाजलं’ म्हणते, भेटायला आलेली मावससासू विचारते, ‘कशी काय जळली वं?’ भाजतो तो हात, जळते ती अख्खी बाई. तोच प्रश्न डॉक्टर विचारतात, पोलीस विचारतात, जबानी घ्यायला आलेले दंडाधिकारी विचारतात. त्यांना विचारावंच लागतं. शेजारच्या खाटेवरच्यांना कशाला? पत्रकात लिहा: पट्टी सोडण्याआधी सांगा, दुखण्याच्या औषधाचा असर होऊ द्या, ती ‘थांबा’ म्हणाली की हात थांबवा. घरी जायची भीती वाटते का, हे सासरचं माणूस बाहेर पाठवून विचारा. आणि ‘फ्लॅशबॅक’ला शब्द शोधू नका. गॅस लायटरची टिकटिक झाली की पेशंट म्हणतात, ‘डोळ्यासमोर येतं.’ तेच लिहा.

– टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबरही टाका. मराठीत बोलता येतं.

– टाकते. शीर्षक ‘आघाताचं भान ठेवून शुश्रूषा’ ठरवलं. ‘जळीत’ वॉर्डाच्या पाटीवरच आहे, तिथे माझा इलाज नाही. भाजल्याचे व्रण दाबून ठेवायला घालतात त्या घट्ट कपड्याला, ‘प्रेशर गारमेंट’ला, काय म्हणू?

– तेच ठेवा, दुकानातही तेच मागावं लागतं. फक्त दिवसाचे 23 तास, महिनोन्महिने आणि नागपूरचा मे, हे त्याच ओळीत लिहा. कपडा काढून ठेवणाऱ्या बाईला ‘ऐकतच नाही’ म्हणणं मग आपोआप कमी होईल.