तीन वाड्यांतली पाळणाघरं एकत्र आणायची आहेत, सुरुवात कुठून करू?

हर्णैची काकी
नमस्कार. हर्णै बंदराजवळ कोळीवाड्यात माझं पाळणाघर आहे. म्हणजे घराची पडवी, एक मदतनीस आणि अडीच ते पाच वर्षांची पोरं. अंगणवाडी आहे, चांगली आहे, पण ती सुटते तेव्हा संध्याकाळचा मासळीचा लिलाव सुरूही झालेला नसतो. आया टोपल्या घेऊन बंदरावर, मग पोरांनी जायचं कुठे?

मुरूडला एक ताई होम-स्टेत राबणाऱ्या बायकांची मुलं सांभाळते. तिसरी आसूदच्या बागायतीत. बचतगटाच्या प्रभागसंघात आमची ओळख झाली आणि कळलं, दुखणं एकच. तीन वर्षांच्या पोराला ए बी सी डी लिहिता आली पाहिजे, असा पालकांचा हट्ट. मुरूडच्या ताईने पाट्या बंद करून गाणी-गोष्टी सुरू केल्या, तर काही आयांनी पोरंच काढून नेली. आसूदची बाय मुलांना विरीवर, म्हणजे सुपारीच्या झावळीच्या रुंद बुडख्यावर, बसवून ओढते, सुपाऱ्यांचे ढीग लावून मोजायला देते. तिची पोरं माझ्या पोरांपेक्षा धीट आहेत, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आता तिघींनी मिळून काही करायचं म्हणतोय. एक म्हणते संस्था नोंदवा, दुसरी म्हणते एकत्र खातं उघडा. मला वाटतं आधी शिकवण्याचं काही ठरावं. कुणी केलंय का असं? सरकारी पाळणाघरांच्या ‘पाळणा’ योजनेचं सांगू नका, सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी ती आहे हे ठाऊक आहे. आमच्या वाडीत पोचेल तेव्हा पोचेल.

बोर्डीची आजी
काकी, मी अंगणवाडीतून निवृत्त झालेली. ताराबाई मोडकांनी १९४५ साली आमच्या बोर्डीतच ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्या जोडीला. मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढे १९५७ला काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसरीची विकतची साधनं खेड्यात कुठून आणायची? म्हणून शिंपले, बिया, दगड, पानं, माती. तुमच्या तर दारातच समुद्र आहे.

नोंदणीची घाई करू नका. महिन्यातून एकदा तिघींनी एकीच्या केंद्रावर बसा, मुलं असताना. तासभर नुसतं बघायचं, मध्ये तोंड घालायचं नाही. मुलं गेली की बोला. कोणतं मूल आज गप्प होतं, कोणता खेळ फसला, कोणाला सारखं ओरडावं लागलं. पहिल्या खेपेला सगळ्या एकमेकींचं कौतुकच करतात. खरं बोलणं नंतर सुरू होतं.

आणि लिहिण्यावरून आयांना भाषण देऊ नका. पालकसभेत त्यांच्या डाव्या हातात पेन्सिल द्या आणि नाव लिहायला सांगा. तीन वर्षांच्या बोटांचं काय होतं ते आपोआप कळेल. ओवणं, निवडणं, कागद फाडणं, मातीचे गोळे वळणं यानेच बोटं तयार होतात. जाळं विणणाऱ्या घरात हे पटवणं सोपं जावं. मात्र चिंचोके लहानग्यांच्या हाती नकोत, नाकात-घशात जातात. गुंजा तर अजिबात नकोत, विषारी असतात.

वेंगुर्लेकरीण
माका विचारल्यात तर आधी पैशाचा बोला. आमच्याकडे काजूच्या कारखान्यात जाणाऱ्या बायकांची मुलं मी सांभाळते, म्हणून सांगते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. पावसात होम-स्टेही ओस. म्हणजे तुमच्या दोघींची तरी मंदी एकदमच येणार, तेव्हा एकमेकींना उसनं देण्याचा बेत कागदावरच राहील. हंगामात प्रत्येकीने थोडं बाजूला काढून पावसाळ्याची गंगाजळी करा. मदतनिसांना एकमेकींच्या केंद्रावर आलटून पालटून पाठवा, म्हणजे एक आजारी पडली तर दुसरीकडची येऊ शकते आणि मुलं तिला ओळखत असतात. खेळण्यांच्या पेट्याही अशाच फिरवा, नवं विकत घ्यावं लागत नाही.

अहमदाबादला ‘सेवा’ या कष्टकरी बायकांच्या संघटनेतल्या बायकांनी बालसेवेसाठी संगिनी नावाची सहकारी संस्था काढली आहे. तुमचंही तिथवर जाईल, पण ते नंतर.

पहिलीची बाई, गुहागर
जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवते. २०२०च्या शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय. ए बी सी डी न येणारं मूल मला चालतं. आपला डबा आपण उघडणारं, पाळी येईपर्यंत थांबणारं, गोष्ट शेवटपर्यंत ऐकणारं मूल हवं. ते नसलं की दिवाळीपर्यंत माझा वेळ त्यातच जातो. जवळच्या शाळेतल्या बाईंना पालकसभेला बोलवून हेच बोलायला सांगा. शाळेची बाई बोलली की आया ऐकतात, पाळणाघरवालीचं ऐकत नाहीत. राग येतो, पण आहे हे असं आहे.

हर्णैची काकी
डाव्या हाताचं मुरूडच्या ताईला फोनवर सांगितलं, ती म्हणाली आधी माझ्या नवऱ्याला लिहायला लावते. पहिली बैठक आसूदला ठेवतोय. गंगाजळीवरून मात्र आत्तापासूनच कुरबुर सुरू झालीय.

आजी, एक विचारायचं राहिलं. माझी पोरं घरी कोळी बोली बोलतात. गोष्ट त्यातच सांगू की पुस्तकातल्या मराठीत?

बोर्डीची आजी
त्यांच्या बोलीतच सांगा. पुस्तकातलं मराठी गाण्यांतून, चित्रांतून हळूहळू येतं. तुम्हाला ती बोली नीट येत नसेल तर वाडीतल्या एखाद्या म्हातारीला आठवड्यातून एकदा गोष्ट सांगायला बोलवा. आणि चहा द्या तिला, नाहीतर दुसऱ्यांदा यायची नाही.