तटस्थ, अलिप्त आणि फिनलंड

सायसाखर
फिनलंडवरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय. शीतयुद्धात हा देश 'न्यूट्रल' होता, १९९५ मध्ये युरोपीय संघात गेल्यावर फक्त 'मिलिटरिली नॉन-अलाइन्ड' उरला, असं मुळात आहे. मी अनुक्रमे 'तटस्थ' आणि 'लष्करीदृष्ट्या अलिप्त' केलं. संपादकांनी दोन्हीकडे 'तटस्थ' करून टाकलं. म्हणे वाचक गोंधळतो. अहो, लेखच त्या फरकावर आहे!

जुनी_वही
तुमचं बरोबर. तटस्थता हा युद्धकाळातल्या कायद्याचा शब्द, १९०७ च्या हेग करारात तटस्थ देशाचे हक्क-कर्तव्यं दिलेली आहेत. अलिप्तता हे धोरण. गटात नाही, पण मत मांडणार. नेहरूंना 'तटस्थ' म्हटलेलं खपत नसे ते यामुळेच.

उंबरठा
पण अलिप्त म्हणजे लेप न लागलेला ना? कमळाच्या पानासारखा. फिनलंड १९९४ पासून नाटोच्या 'शांतता भागीदारी'त, म्हणजे सदस्य नसलेल्या देशांसाठीच्या सहकार्य कार्यक्रमात होता, लढाऊ विमानं अमेरिकेची, सराव एकत्र, दळणवळणाच्या पद्धतीसुद्धा नाटोला जुळवून घेतलेल्या. चांगला जाड लेप आहे की हा!

जुनी_वही
सराव म्हणजे युती नव्हे. नाटोच्या पाचव्या कलमाची, म्हणजे एकावर हल्ला तो सगळ्यांवर हल्ला मानण्याची, हमी कुठे होती? नव्हती म्हणूनच युक्रेनवर हल्ला झाल्यावर धावपळ झाली आणि ४ एप्रिल २०२३ ला ते सदस्य झाले. आणि आपण ऑगस्ट १९७१ मध्ये सोव्हिएत संघाशी करार केला, हल्ल्याची वेळ आली तर सल्लामसलत करायचं कलम होतं त्यात. तरी अलिप्तच म्हणवत राहिलो.

उंबरठा
म्हणवत राहिलो, हेच म्हणतोय मी.

घाटवाट
सरळ 'न्यूट्रल' लिहा. गाडी न्यूट्रलला टाकली, हे सगळ्यांना कळतं. उतारावर टाकली तर ती आपोआप कुठे जाते, तेही कळतं. फिनलंडचं तेच झालं.

शुद्धमती
मराठीत शब्द असताना न्यूट्रल कशाला? उद्या अलिप्तला 'गुटनिरपेक्ष'ही हिंदीतून उचलाल.

माळरान
मला वेगळीच शंका. आमच्या गावात निवडणुकीत 'दोन तट' पडायचे. मग तटस्थ म्हणजे तटात असलेला? आजोबा दोन्हीकडच्या जेवणावळींना जायचे नि स्वतःला तटस्थ म्हणवायचे.

जुनी_वही
हा तट काठाचा. नदीच्या वादात न पडता काठावर उभा. जुन्या मराठीत 'तटस्थ झाला' म्हणजे थक्क होऊन जागीच थबकला, असंही आहे.

माळरान
आणि किल्ल्याचा तट? त्यावर उभा राहणारा तर पहारेकरी. त्याला कसला आलाय तटस्थपणा!

शुद्धमती
तटबंदीतला तट आणि काठाचा तट मुळात एकच असावा, उंच कड या अर्थाने.

माळरान
मग दोन तट पडतात ते कशातून?

सायसाखर
लेख छापून आला. आत दोन्हीकडे 'तटस्थ', मथळ्यात 'निष्पक्ष फिनलंड'.

घाटवाट
निष्पक्ष? तो काय पंच होता?

माळरान
ते असू दे, दोन तटांचं सांगा कुणीतरी.