‘व्याप्त’ पुरतं का? वेस्ट बँकेतले काही रोजचे शब्द

वेलांटी :
वेस्ट बँकेतल्या, म्हणजे जॉर्डन नदीच्या पश्चिमेकडच्या पॅलेस्टिनी प्रदेशातल्या, रोजच्या जगण्यावरचा एक लेख मराठीत आणतेय आणि ‘ऑक्युपेशन’पाशी अडलेय. ‘पाकव्याप्त’ कानात बसलेलं असल्यामुळे ‘इस्रायलव्याप्त’ आपोआप लिहिलं जातं. पण व्याप्त म्हणजे भरून राहिलेलं. धुकं दरी व्यापतं तसं. 1967 च्या जूनमध्ये इस्रायलची फौज आली, तेव्हापासून तिथे लष्करी हुकूम चालतात, नवी विहीर खणायलाही परवाना लागतो, हे त्या शब्दात कुठे दिसतं? ताबा म्हणू की कब्जा?

काठावरचा :
ताबा नकोच. फ्लॅटचा ताबा मिळाला की आपण पेढे वाटतो. कब्जा बरा, त्यात मूठ आवळलेली आहे; फक्त एकटा ‘कब्जा’ गुंडाने बळकावलेल्या प्लॉटसारखा वाटतो, म्हणून ‘लष्करी कब्जा’. अरबी शब्द आहे ‘इहतिलाल’. धातू ह-ल-ल, त्याचा एक अर्थ मुक्कामाला उतरणं. आपला मोहल्ला त्याच धातूचा. उतरले ते उठलेच नाहीत, असा इहतिलाल.

तळटीप :
इस्रायल सरकारला हा शब्द मान्य नाही, ते ‘वादग्रस्त प्रदेश’ म्हणतं, हेही भाषांतरकाराला ठाऊक हवं. गंमत अशी, की त्यांच्याच सर्वोच्च न्यायालयाने वेस्ट बँकेत इस्रायल बांधत असलेल्या भिंतीवरच्या 2004 च्या खटल्यात हा प्रदेश इस्रायलच्या लष्करी ऑक्युपेशनखाली असल्याचं धरून निकाल दिला. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने तर जुलै 2024 मध्ये तिथली इस्रायलची उपस्थितीच बेकायदा असल्याचं मत दिलं. म्हणजे शब्द सौम्य करायचं कारण नाही.

वेलांटी :
‘लष्करी कब्जा’ घेते. आणि ‘सेटलमेंट’, म्हणजे तिथल्या जमिनीवर इस्रायलींनी वसवलेल्या वस्त्या? वसाहत लिहिलं की मला आमची पोलीस वसाहत आठवते, गणपतीच्या मांडवासकट.

काठावरचा :
वसाहतच ठेवा, पर्याय नाही. पहिल्यांदा येईल तिथे ‘इस्रायली वसाहत’ म्हणा. अरबीत दोन शब्द आहेत. ‘मुस्तअमरा’ हा इमारतीचा भाऊबंद आणि ‘मुस्तवतना’ वतनाचा. वतन म्हणजे त्यांच्याकडे मायभूमी, आपल्याकडे पाटलाची पिढीजात जमीन. त्या टेकड्यांवर भांडण नेमकं या दोन्ही अर्थांचं आहे.

आखाती भाचा :
जरा उशिरा येतोय. दुबईत नऊ वर्षं एका पॅलेस्टिनी सहकाऱ्याच्या शेजारी बसलो, बेथलेहेमकडचा. तो सुट्टीत घरी निघाला की आदल्या रात्री फोनवर रस्त्यांचे ग्रुप बघायचा. ग्रुपचं नाव ‘अहवाल अत्-तुरुक’. वेलांटीताई, हा आपलाच अहवाल! हाल या शब्दाचं अनेकवचन, रस्त्यांचे हाल.

त्यात टॅक्सीवाले इस्रायली फौजेच्या एकेका नाक्यापुढे एक शब्द टाकतात. ‘सालिक’ म्हणजे मोकळा. ‘मुसक्कर’ म्हणजे बंद. ‘अज़्मा’ म्हणजे मूळ अर्थाने संकट, इथे गाड्यांची रांग. दुबईत सालिक हे टोलचं नाव. मी टोलच्या कमानीखालून गेलो की पैसे कापले जायचे, आणि त्याला तोच शब्द दिसला की घरी जेवायच्या वेळेला पोचता येणार एवढं कळायचं. एकदा मी त्याला विचारलं, गाव किती लांब? म्हणाला, किलोमीटर विचारू नकोस, नाके विचार. संयुक्त राष्ट्रांच्या 2025 च्या सुरुवातीच्या मोजणीत असे अडथळे 849 होते : नाके, गावाच्या तोंडाशी बसवलेली लोखंडी फाटकं, मातीचे ढीग, सगळं धरून.

वेलांटी :
मग ‘चेकपॉइंट’ला नाका चालेल? जकात नाका, टोल नाका… पैसे भरले की सुटलो, असं वाटत नाही का?

आखाती भाचा :
वाटतं. तरी ‘तपासणी नाका’ म्हणा. पुस्तकी अरबीत ‘हाजिज’, आड येणारं. अचानक उभा राहणारा तो ‘हाजिज तय्यार’, शब्दशः उडता नाका. आपलं भरारी पथक आहेच की. पण बोलताना माझा सहकारी सर्रास ‘महसूम’ म्हणायचा. तो शब्द हिब्रू, मूळ ‘मख्सोम’. सैनिकांच्या तोंडून ऐकून ऐकून अरबीत शिरला आणि त्याचं अरबी पद्धतीने ‘महासीम’ असं अनेकवचनही झालं.

तळटीप :
मख्सोमचा जुना अर्थ बघा. बायबलच्या 39 व्या स्तोत्रात तो तोंडाला बांधायच्या वस्तूसाठी आलाय. मळणीच्या वेळी बैलाने कणसाला तोंड लावू नये म्हणून बांधतात ते.

काठावरचा :
मुसकं!

वेलांटी :
अगदी. आजोबांकडे दोरीची होती. लेखात एक बाई आहे, बेथलेहेमच्या 300 नंबरच्या नाक्यावर पहाटे चारला रांगेत उभ्या राहणाऱ्या मजुरांना चहा विकणारी. ऑक्टोबर 2023 नंतर बहुतेकांचे कामाचे परवाने थांबले आणि तिची किटलीही. तिच्या तोंडी ‘महसूम’ तसाच ठेवते, खाली टीप : मूळ अर्थ मुसकं.

शेवटचा एक. ‘सुमूद’, काहीही झालं तरी आपल्या जमिनीवर टिकून राहणं. चिकाटी लिहिलं तर स्पर्धापरीक्षेसारखं वाटतंय.

काठावरचा :
तग? नाही, तग दुष्काळात धरतात. पाय रोवून राहणं?

आखाती भाचा :
माझ्या त्या सहकाऱ्याची आई दर हिवाळ्यात ऑलिव्हची रोपं लावायची. आधीची उपटलेली असायची, त्याच खड्ड्यात. ती याला सुमूद वगैरे म्हणायची नाही. विचारलं तर म्हणायची, खड्डा तयारच आहे.

वेलांटी :
मग तो शब्दच गाळते आणि खड्डा ठेवते. चालेल ना तुमच्या मित्राला? विचारून सांगा.