मदत हवी आहे : 'मॉर्टर' म्हणजे नेमकं काय? मसाल्याचं पाकीट छापायला जातंय

नमस्कार मंडळी,

नागपुरात इतवारीत आमचं सावजी मसाल्याचं लहानसं दुकान आहे. मागच्या महिन्यात एका ऑनलाइन कंपनीला माल द्यायचा म्हणून त्यांचा इंग्रजी फॉर्म भरला. त्यात विचारलं होतं, तुमचं 'ब्रिक अँड मॉर्टर' दुकान आहे का? ब्रिक म्हणजे वीट, एवढं ठाऊक. मॉर्टर काय ते पुतण्याला विचारलं, तर म्हणाला, "काका, विटा जोडायचा सिमेंट-रेतीचा माल." मी 'नाही' लिहिलं. वरून खाली पुस्ती जोडली की आम्ही बांधकामाचं सामान ठेवत नाही, फक्त मसाले विकतो. अर्ज परत! म्हणे, ज्यांचं खरंखुरं दुकान आहे त्यांनाच घेतो. आणि मी ते वाचत होतो गल्ल्यावर बसून.

एवढ्यावर हसून सोडलं असतं. पण नव्या पाकिटासाठी छापखान्यातल्या पोरानं इंग्रजी ओळ टाकलीय, 'पाउंडेड इन स्टोन मॉर्टर'. आमच्याकडं दगडी खल आहे हे खरं. पण गिऱ्हाइकाला वाटायचं, ह्यांनी दगड न् सिमेंट घालून कुटलाय. आधीच मसाल्यात दगडफूल! शब्दकोश काढला तर तिसरंच निघालं, उखळी तोफ.

२००० पाकिटं शनिवारी छापायला जातात. ओळ ठेवू का काढू? आणि फॉर्ममध्ये आता काय लिहू?

ओळंबा :
भाऊ, मी साइटवरचा माणूस, माझ्यापुरतं सांगतो. रेती, सिमेंट, पाणी कालवलं की मॉर्टर. त्यात गिट्टी पडली की ते काँक्रीट. लोक दोन्हीला सरसकट 'सिमेंट' म्हणतात ते चूक. विटांच्या जुडाईला साधारण १:६, म्हणजे एक भाग सिमेंटला सहा भाग रेती, प्लास्टरला १:४. पाणी टाकलं की अर्ध्या तासाच्या आत संपवा असं आम्ही सांगत असतो, मिस्त्री ऐकतातच असं नाही, आणि मे महिन्यात तर घमेल्यातच घट्ट होतो. आता गंमत ऐका. आमचे मिस्त्री ह्या मॉर्टरला काय म्हणतात? मसाला! "मसाला आण" म्हटलं की रेजा घमेलं घेऊन येते. तेव्हा फॉर्मवर तुम्ही 'मसाले विकतो' लिहिलंत ते अगदीच चुकलं नाही.

खडू_फळा :
निवृत्त इंग्रजी शिक्षक. तिन्ही अर्थ एकाच घरातले आहेत. लॅटिनमध्ये 'मॉर्टेरियम' म्हणजे कुटायचं-कालवायचं भांडं. पुढं त्या भांड्यात जे कालवलं जाई, तो चुना-वाळूचा लगदा, त्यालाही तेच नाव चिकटलं. भांड्याचं नाव आतल्या वस्तूला, जसं आपण 'दोन ताट वाढ' म्हणतो. तोफेला नाव मिळालं ते आकारावरून : नळी आखूड, तोंड वर, गोळा उंच उडून भिंतीपलीकडं पडणार. १४५३ साली कॉन्स्टँटिनोपलच्या वेढ्यात तुर्कांनी अशा तोफा वापरल्या होत्या. आणि शब्दकोशावर हसू नका, आपण तरी काय केलं? उखळावरूनच उखळी तोफ म्हटलं ना! पदवीदानाची ती चौकोनी टोपी, 'मॉर्टरबोर्ड', तिला नाव गवंड्याच्या माल ठेवायच्या फळीवरून पडलं. डोक्यावर काय मिरवतोय हे विद्यार्थ्यांना कोणी सांगत नाही.

'मसाला' हा शब्दही तसाच. मूळ अरबी, फारसीतून आपल्याकडं आला, अर्थ साहित्य, सामग्री. म्हणजे मिस्त्र्यांनी तो तुमच्या स्वयंपाकघरातून उसना घेतलेला नाही.

ओळ ठेवा, पण 'मॉर्टर' एकटा सोडू नका. 'मॉर्टर अँड पेसल' अशी जोडी लिहा, खल आणि बत्ता. जोडी दिसली की कुणाला सिमेंट आठवत नाही. उच्चार पेसल, त्यातला 'ट' मुका आहे.

चकोली :
काका, सगळा मसाला खरंच खलात कुटता का? की कांडपावर? २००० पाकिटांचा मसाला हातानं म्हणजे खांदे गेले समजा. तसं नसेल तर पाकिटावर लिहू नका.

धागाकर्ता :
ताई, बरोबर पकडलंत. मिरची-धणे कांडपावरच. जायपत्री, दगडफूल, वेलदोडे एवढंच खलात, तेही घरचे लोक करतात. मग 'सिलेक्ट स्पायसेस पाउंडेड विथ मॉर्टर अँड पेसल' असं छापतो. खडू_फळा सर, चालेल?

फॉर्मचं मात्र अडलंय. 'ब्रिक अँड मॉर्टर'ला आता 'हो' लिहायला निघालो, तर पुतण्या म्हणतो, आपली भिंत आजोबांच्या वेळची, जुडाई मातीची. सिमेंट नाहीच त्यात, मग मॉर्टर कुठून?

ओळंबा :
मातीचा मसाला हाही मॉर्टरच. 'हो' लिहा बाप्पा. ब्रिक अँड मॉर्टर म्हणजे गिऱ्हाईक पायरी चढून आत येतं असं दुकान, भिंत कशाची ते कोणी खरवडून बघत नाही. तुम्ही मात्र दर पावसाळ्याआधी एकदा खरवडून बघा, मातीच्या जुडाईचे दर्जे, म्हणजे विटांमधले सांधे, आधी बाहेरून धुपतात.

खडू_फळा :
ओळ चालेल. 'स्पायसेस'चं स्पेलिंग पोराकडून दोनदा तपासून घ्या.