हिरड्यांचा आजार आणि फुफ्फुसं : जनुकांवरून शोध घेतला तर आपल्या विदर्भाला काही मिळेल का?

पांढरं_सोनं (दारव्हा) – धागाकर्ता

गावात पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांकडे पाहा. ज्यांचे दात हलतात, हिरड्यांतून पू येतो, त्यांतल्या अनेकांना चार पावलं चाललं की धाप लागते. पण म्हणून हिरड्यांनीच फुफ्फुस खराब केलं असं म्हणता येत नाही. तोच माणूस दिवसभर खर्रा (सुपारी-तंबाखू-चुन्याचं मिश्रण) खातो, अधूनमधून बिडी ओढतो, घरात पऱ्हाटीची (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांची) चूल पेटते, वरून शुगर. उलटंही होतं : धाप लागणारा तोंडाने श्वास घेतो, तोंड कोरडं पडतं आणि हिरड्या बिघडतात.

हा गुंता सोडवायची एक पद्धत आहे, मेंडेलियन रँडमायझेशन. आईबापांकडून कोणतं जनुकरूप (एकाच जनुकाचा कोणता प्रकार) आपल्या वाट्याला येणार, हे गर्भ राहतानाच चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं. खर्रा, चूल, गरिबी यांचा त्यावर परिणाम होत नाही, आणि नंतर झालेला आजार ते बदलत नाही. ज्यांच्याकडे हिरड्यांचा आजार वाढवणारी रूपं जास्त आहेत, त्यांची फुफ्फुसाची क्षमता (जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते ते) कमी भरते का, एवढं तपासायचं.

सिकल सेलमुळे (रक्ताचा आनुवंशिक आजार) आपल्या लोकांना रक्त तपासून वारसा कळतो हे माहीत आहे. म्हणून माझं ठाम मत आहे : असा अभ्यास विदर्भात झालाच पाहिजे.

मोर्शीचा_संत्रावाला

मले हे पटत नाही. माय चुलीपुढं बसून खोकलते, तिले जनुक कायले पायजे? उज्ज्वलातून सिलिंडर आलं, पण ते भरायले पैसे नसले का पुन्हा पऱ्हाटी नाही तं तुराट्या. धूर डोयानं दिसते, खर्रा घोटाची पन्नी रस्त्यावर पडली दिसते. गुटख्यावर 2012 पासून बंदी हाय, तरी भेटते. जे दिसते त्याचा इलाज होऊन नाही रायला, अन् न दिसणाऱ्यावर पैसा लावता?

दंतवैद्य_यवतमाळ

संत्रावाल्यांशी निम्मी सहमत. माझ्याकडे येणाऱ्या खर्रा खाणाऱ्यांचं तोंड उघडलं की कारण समोरच असतं : ज्या गालात तो दाबून ठेवतात, त्याच बाजूची हिरडी खाली सरकलेली, दातांची पिवळी मुळं उघडी, आतल्या त्वचेवर पांढुरका खरखरीत पट्टा. दुसऱ्या बाजूला पुष्कळदा एवढं नुकसान नसतं. बिडीवाल्यांचं आणखी अवघड. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, हिरडीतून रक्त कमी येतं, आणि आजार आत वाढत असताना माणसाला वाटतं सगळं ठीक आहे.

पण माझा खरा आक्षेप शास्त्रातला आहे. सिकल सेल म्हणजे एका जनुकातला एक बदल. हिरड्यांचा आजार तसा नाही, त्यात अनेक जनुकांचा थोडा थोडा वाटा असतो. 2019 मध्ये एक मोठा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हिरड्यांचे 17,353 रुग्ण आणि तुलनेसाठी 28,210 जण होते, बहुतेक युरोपीय वंशाचे. तरीही हिरड्यांसाठी जोरदार जनुकं फारशी हाती लागली नाहीत. अशा कमकुवत जनुकीय खुणांवर हिशोब मांडला की उत्तर सहसा ‘संबंध नाही’ याच बाजूला झुकतं, आणि लोक ते खरं धरून बसतात.

शिवाय एखादं जनुक दोन वाटांनी काम करत असेल तर सगळंच फसतं. पंधराव्या गुणसूत्रावरचं सीएचआरएनए5 हे जनुक माणूस किती सिगारेट ओढतो याच्याशी जोडलेलं आहे. असं काही खुणांमध्ये शिरलं तर आपण हिरड्या मोजतोय असं समजून तंबाखूच मोजत राहू.

पांढरं_सोनं

डॉक्टर, म्हणूनच तर आपल्या लोकांचा डेटा हवा! जीनोम इंडिया या सरकारी प्रकल्पात 10,000 भारतीयांचे जीनोम (माणसाचा पूर्ण जनुकसंच) वाचले गेले, पण नुसत्या जीनोमवरून हिरडी कशी आहे ते कळत नाही. त्यासाठी तोंड तपासावंच लागेल. आणि चांगल्या, मोठ्या अभ्यासातून ‘संबंध नाही’ असं आलं तर तेही मोलाचं. मग श्वासासाठीचा पैसा दात साफ करण्यावर न घालता सरळ धुरावर घालू.

सिस्टर_गडचिरोली

दोघंही एक गोष्ट विसरताय. लकवा मारलेला, अंथरुणाला खिळलेला माणूस घ्या. त्याच्या तोंडातली घाण लाळेबरोबर श्वासनळीत उतरते आणि न्यूमोनिया होतो. यासाठी जनुकांची गरजच पडली नाही. जपानमधल्या वृद्धाश्रमांत काहींची तोंडं नियमित साफ केली, काहींची नाही. साफ केलेल्यांना न्यूमोनिया कमी झाला. हे 1999 मध्ये छापून आलंय. दवाखान्यातल्या रुग्णांबद्दल 2023 चा आढावाही तेच सांगतो, आणि व्हेंटिलेटरवरच्यांना तर सगळ्यात जास्त फायदा. मी नातेवाइकांना ब्रश धरायला शिकवते, चमच्याला कापूस गुंडाळून हिरड्या पुसायला शिकवते. खर्च जवळपास शून्य.

पांढरं_सोनं

सिस्टर, न्यूमोनियाबद्दल मान्य, वादच नाही. पण तो आठवड्या-दोन आठवड्यांचा आजार. वीस-तीस वर्षांत हळूहळू निकामी होणाऱ्या फुफ्फुसाचं काय? तेवढी वर्षं अर्ध्या गावाची दातसफाई करायची आणि अर्ध्याची नाही, असा प्रयोग कोणी करणार नाही, करूही नये. तिथे जनुकांशिवाय दुसरी वाट मला दिसत नाही.

दंतवैद्य_यवतमाळ

या मुद्द्यावर मी मागे हटते. फक्त अट एकच : खर्रा, बिडी, चूल आणि शुगर यांची नोंद प्रत्येकाची घ्यायची. नाहीतर आकडे येतील आणि आपल्या माणसाबद्दल काही सांगणार नाहीत.

मोर्शीचा_संत्रावाला

माहीही अट लिहून ठेवा. आमच्या गावात मागं रक्त नेलं, कागदावर अंगठे घेतले, रिपोर्ट कोणालेच भेटला नाही. आता रक्त पायजे असन तं आधी दातांची खुर्ची गावात आणा, हिरडी तपासा, इलाज करा, अन् रिपोर्ट मराठीत हातात द्या. एवढं करत असान तं आमच्या मोहल्ल्यातले लोकं मी सोता घेऊन येतो.